तिन्हीकडे २०१: देवगडचा फोन लोट्याला का लागत नाही

तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. आंब्याचा पल्प काढणारी कंपनी. मुख्य कार्यालय रत्नागिरीत मिरजोळे एमआयडीसीत, कारखाना लोटे परशुरामला, आंबा खरेदीचं केंद्र देवगडला. रत्नागिरीत जुनं डिजिटल ईपीएबीएक्स (कंपनीतले फोन आपसांत आणि बाहेर जोडणारं एक्स्चेंज) आणि त्यावर बाहेरची पीआरआय लाइन (एकाच वेळी अनेक कॉल नेणारी फोन कंपनीची डिजिटल लाइन). लोट्याला संगणकाच्या नेटवर्कवरून चालणारं नवं आयपी एक्स्चेंज. देवगडला आठ एक्स्टेंशनची छोटी पेटी, म्हणजे छोटं एक्स्चेंजच. देवगड आणि लोटे दोन्ही रत्नागिरीला टाय लाइनने (दोन एक्स्चेंजना जोडणाऱ्या कंपनीच्या अंतर्गत लाइनीने) जोडलेले, एकमेकांना थेट नाहीत. तिन्हीकडे एक्स्टेंशन २०१ पासून सुरू होतात. दुसऱ्या ठिकाणी लावायचं तर आधी ८१ रत्नागिरीसाठी, ८२ लोट्यासाठी, ८३ देवगडसाठी. रत्नागिरीहून दोन्हीकडे फोन लागतो. देवगडहून लोट्याला लावला की एंगेज. शिवाय महिन्यातून दोन-तीनदा रत्नागिरी आणि लोटे यांच्यामधल्या आठही लाइनी एकदम भरतात, कोणी बोलत नसताना, आणि थोड्या वेळाने आपोआप सुटतात. एक्स्चेंजवाला म्हणतो नेटवर्क खराब, नेटवर्कवाला म्हणतो एक्स्चेंज खराब.

माझ्या मते दोन्ही ठीक आहेत. कुठला नंबर कुणाचा, हे तिन्ही पेट्यांना मिळून एकदा कुणी सांगितलेलंच नाही. जशी गरज पडली तशी एकेक ओळ रूटिंगच्या तक्त्यात, म्हणजे कुठला कॉल कुठे पाठवायचा त्या यादीत, घातली गेली. कोकणातल्या बहुतेक कंपन्यांत हेच दिसतं, कारण तिन्ही ठिकाणची कामं तीन वेगळ्या माणसांनी तीन वेगळ्या वर्षी केलेली असतात.

आधी देवगडचा एंगेज. इथे एक बारीक खूण आहे. देवगडच्या पेटीने ८२ कापून नुसता २०१ पुढे पाठवला असता, तर रत्नागिरीतलाच २०१ वाजला असता आणि देवगडचा माणूस रत्नागिरीच्या हिशेबनिसाशी बोलला असता. तुमच्याकडे तसं होत नाही, म्हणजे ८२२०१ हा पूर्ण आकडा रत्नागिरीपर्यंत पोचतोय. रत्नागिरीचं एक्स्चेंज तो ओळखतं, पण एका टाय लाइनवरून आलेला कॉल दुसऱ्या टाय लाइनवर सोडायला नकार देतं. ट्रंक म्हणजे एक्स्चेंजमधून दुसरीकडे जाणारी लाइन, आणि अशी ट्रंक टू ट्रंक परवानगी बहुतेक एक्स्चेंजमध्ये मुळात बंदच असते. ती बंद असते याला कारण आहे: उघडी राहिली तर बाहेरचा माणूस एका लाइनने आत शिरून दुसऱ्या लाइनने परदेशी फोन लावू शकतो, आणि हे नेहमी शनिवारी रात्री होतं, बिल महिन्याने येतं.

म्हणून ही परवानगी सरसकट उघडू नका. देवगडच्या ट्रंक ग्रुपवरून (त्या दिशेच्या लाइनींच्या गटावरून) लोट्याच्या ट्रंक ग्रुपवर आणि उलट, एवढीच द्या. टाय लाइनवरून पीआरआयवर मात्र बंदच ठेवा. त्याला दुसरंही कारण आहे. अंतर्गत नेटवर्कवरून दुसऱ्या गावापर्यंत येऊन तिथून सार्वजनिक लाइनवर उतरणं म्हणजे टोल बायपास, आणि आपल्याकडे त्यावर निर्बंध आहेत. पूर्वी एसटीडीचे पैसे वाचवायला लोक हे चोरून करत. आता अमर्याद कॉलच्या योजनांमुळे त्यात वाचत काहीच नाही, तेव्हा ती भानगड हवी कशाला? टाय लाइनचा आजचा उपयोग आहे तो छोटा नंबर, आलेला ग्राहकाचा फोन दुसऱ्या ठिकाणच्या माणसाकडे वळवता येणं आणि कोण बोलतंय ते पडद्यावर दिसणं. बाहेरून आलेला कॉल असा टाय लाइनवर वळवायचा असेल तरी नियम लागू होतात. तुमच्या लाइनीच्या परवान्यात काय बसतं ते सेवा देणाऱ्याकडून लेखी घ्या, माझ्यासारख्या बसवणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका.

आता आठ लाइनी भरण्याचा प्रकार. हा जास्त मजेशीर आहे आणि यात मी स्वतः एकदा तीन दिवस घालवलेत.

तुमच्याकडे कधीतरी एखादा विभाग रत्नागिरीहून लोट्याला हलला असणार. त्यांचे जुने नंबर चालू राहावेत म्हणून कुणीतरी रत्नागिरीच्या एक्स्चेंजला सांगितलं असणार, की जो एक्स्टेंशन इथे सापडत नाही तो लोट्याला पाठव. लोट्याच्या पेटीतही तशीच ओळ असते: जो सापडत नाही तो रत्नागिरीला. दोन्ही ओळी एकेकट्या शहाण्या आहेत. पण समजा २४७ हा नंबर कायमचा बंद झाला आणि कुणीतरी तो लावला. रत्नागिरी म्हणतं माझा नाही, लोट्याचा असेल. लोटे म्हणतं माझा नाही, रत्नागिरीचा असेल. प्रत्येक फेरीला एक चॅनेल, म्हणजे आठांतली एक लाइन, अडकतं, आणि डोळ्याचं पातं लवेपर्यंत आठही संपतात. गावात सातबाऱ्याचा कागद तलाठ्याकडून तहसीलला आणि तहसीलहून तलाठ्याकडे फिरतो ना, तसंच. फरक एवढाच, की इथे प्रत्येक खेपेला नवा शिपाई लागतो आणि जुना परत येत नाही.

लाइनी संपल्या की शेवटचं एक्स्चेंज एंगेज टोन वाजवतं. काही एक्स्चेंज कॉल तोडून कारण मागे कळवण्याऐवजी स्वतःच टोन वाजवत साखळी धरून बसतात. लावणाऱ्याने फोन ठेवला की सगळं सुटतं. लावणारा माणूस नसेल, उदाहरणार्थ एखादं फॅक्स यंत्र किंवा विसरून राहिलेलं फॉरवर्डिंग असेल, तर टायमर संपेपर्यंत आठ लाइनी मुक्या. म्हणून तुम्हाला वाटतं की आपोआप भरल्या आणि आपोआप सुटल्या.

एखादा म्हणेल, सिपमध्ये (आयपी फोनचे कॉल जोडण्याच्या पद्धतीत) तर यावर उपाय आहे. आहे. प्रत्येक कॉलबरोबर मॅक्स-फॉरवर्ड्स नावाचा आकडा जातो, सहसा ७० पासून सुरू होतो, प्रत्येक टप्प्याला एकाने कमी होतो, शून्य झाला की ४८३ असं उत्तर येऊन कॉल मरतो. पण एक्स्चेंज हा नुसता निरोप पुढे देणारा नसतो. तो आलेला कॉल स्वतःपाशी संपवतो आणि पुढे नवा कॉल सुरू करतो. नवा कॉल म्हणजे बहुधा पुन्हा ७०. मोजणी पुढे सरकतच नाही. पीआरआयच्या बाजूला तर असा मोजणीचा आकडा साध्या सिग्नलिंगमध्ये नसतोच; दोन्हीकडे क्यूसिग (एक्स्चेंजांनी आपसांत बोलायची सिग्नलिंगची पद्धत) असेल आणि त्यातली ट्रान्झिट काउंटरची सोय चालू केली असेल तरच मिळतो. तेव्हा यंत्र वाचवेल या भरवशावर राहू नका. नियम तुम्हीच घाला: ज्या लाइनवरून कॉल आला त्याच लाइनच्या ग्रुपवर तो परत जाणार नाही. आणि ‘सापडत नाही तो पलीकडे’ ही ओळ दोन्हीकडून काढून टाका. सापडत नाही त्याला ‘हा नंबर अस्तित्वात नाही’ असंच उत्तर गेलं पाहिजे.

मग हललेल्या विभागाचे जुने नंबर? ते एकेक करून लिहा. दहा असतील तर दहा ओळी. कंटाळवाणं काम आहे, पण एका दुपारचं आहे.

खरा इलाज नंबरांच्या नव्या पद्धतीत आहे, आणि तिथे घाई करू नका. पहिला विचार सगळ्यांना सुचतो तो असा: रत्नागिरीला २ ने, लोट्याला ३ ने, देवगडला ४ ने सुरू होणारे चार आकडी नंबर देऊ. यात खोच आहे. २०१ चा २२०१ झाला, पण जुने तीन आकडी नंबरही काही महिने चालू ठेवायचे आहेत. कुणी २२० दाबलं की एक्स्चेंजला कळत नाही, हा जुना २२० पुरा झाला की २२०१ मधला शेवटचा १ यायचाय. मग ते वाट बघत बसतं. चार-पाच सेकंद शांतता, माणूस ‘हॅलो हॅलो’ करतो आणि ठेवून देतो.

तुमचे सगळे जुने नंबर २ ने सुरू होतात हीच सोय आहे. पुढचा आकडा मोकळ्या घरातला घ्या. रत्नागिरी ५, लोटे ६, देवगड ७. जुना नंबर तसाच, पुढे एक आकडा: ५२०१, ६२०१, ७२०१. आपल्याच इमारतीत लोक पूर्वीसारखं २०१ दाबतील, दुसरीकडे लावताना चार आकडे. २ ने सुरू झालं तर तीनवर थांबायचं, ५-६-७ ने सुरू झालं तर चारवर. कुठेच संदिग्धता नाही, कुणाला नवा नंबर पाठ करायला नको. जुनं ८१-८२-८३ पुढच्या हंगामापर्यंत चालू राहू द्या, मग काढा.

बाकीचे आकडे असे: ० बाहेरच्या लाइनसाठी, ९ ऑपरेटर, आणि १ ला हातही लावू नका. ११२, १०८, १०१ हे नंबर शून्य न दाबता थेट लागले पाहिजेत. घाबरलेल्या माणसाला बाहेरच्या लाइनचा शून्य आठवत नाही. देवगडच्या पेटीवरून ११२ लावला तर तो देवगडच्याच लाइनने बाहेर गेला पाहिजे. टाय लाइनवरून रत्नागिरीच्या पीआरआयने गेला तर पलीकडे पत्ता मिरजोळ्याचा जाईल. देवगडला लँडलाइन धड नसेल तर सिमकार्डवर चालणारी एक वायरलेस लाइन त्या पेटीला जोडा, निदान एवढ्यासाठी तरी.

बाहेरच्या शून्याबद्दल अजून एक. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला लावताना नंबराआधी ० लावावा लागतो. म्हणजे एक शून्य तुमच्या एक्स्चेंजचा आणि दुसरा शून्य नंबराचा. लोक एकच दाबतात आणि फोन लागत नाही म्हणून तक्रार करतात. एक्स्चेंजलाच सांगा: बाहेरच्या शून्यानंतर ६ ते ९ ने सुरू होणारा दहा आकडी नंबर आला तर एक शून्य स्वतः जोड.

आकडे कापणं आणि जोडणं कुठे करायचं, यावर बसवणाऱ्यांत वाद असतो. माझं मत पक्कं आहे. वाटेत कुठेही कापू नका. ६२०१ हा देवगडहून निघताना ६२०१, रत्नागिरीतून जाताना ६२०१, आणि फक्त लोट्याच्या दारात पुढचा ६ कापून २०१. निघताना कापाल तर मधल्याला कळत नाही कुठे जायचंय. मध्ये कापाल तर पुढच्या दुरुस्तीला कुणी कुठे कापलं ते शोधत बसावं लागतं.

लावणाऱ्याच्या नंबराचंही तसंच, आणि हे हमखास विसरलं जातं. देवगडच्या २०५ ने लोट्याला लावला आणि पडद्यावर नुसतं २०५ दिसलं, तर लोट्याचा माणूस परत लावताना स्वतःच्याच शेजाऱ्याला उठवतो. बाहेर पडतानाच पुढे ७ लावून ७२०५ पाठवा.

आता टाय लाइन तुटली तर काय. तुमच्याकडे रत्नागिरी हे मधलं स्टँड आहे, सगळ्या गाड्या तिथूनच. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी भरलं तेव्हा माझ्या एका गिऱ्हाइकाचं मधलं एक्स्चेंज तिथे तळमजल्यावर होतं. कुडाळ आणि रत्नागिरीच्या शाखा कोरड्या, वीज चालू, एक्स्चेंज चालू, पण एकमेकांशी बोलता येईना, कारण वाट पाण्याखालून जात होती. मीच बसवलं होतं ते, आणि तळमजल्याला मीच हो म्हटलं होतं. तेव्हापासून मी मधलं एक्स्चेंज वरच्या मजल्यावर मागतो, आणि टोकाच्या शाखांमध्ये निदान एक थेट वाट ठेवतो, मग ती साध्या ब्रॉडबँडवरून का असेना. देवगड आणि लोटे दोन्हीकडे सिप चालत असेल तर ही थेट वाट जवळपास फुकट आहे. पहिली पसंती थेट, दुसरी रत्नागिरीमार्गे, तिसरी, लोट्याहून देवगडला लावताना, देवगडच्या ०२३६४ ने सुरू होणाऱ्या बाहेरच्या नंबरावर. ही तिसरी वाट देवगडच्या ऑपरेटरपाशी संपते, तिथून पुढे माणूस जोडून देईल.

दुसऱ्या वाटेवर कधी जायचं हे कारण क्रमांकावरून ठरवा. एक्स्चेंज कॉल नाकारताना कारण सांगतं: १ म्हणजे असा नंबर नाही, १७ म्हणजे समोरचा बोलतोय, ३४ म्हणजे चॅनेल रिकामं नाही, ३८ म्हणजे नेटवर्क बंद. सिपमध्ये १७ चं ४८६ होतं, १ चं ४०४, आणि ३४, ३८ दोघांचं ५०३. वाट बदलायची ती ३४, ३८, ५०३ वर. १७ वर कधीच नाही. समोरचा बोलतोय तर तो कुठल्याही वाटेने गेलात तरी बोलतच असणार. मी असं एक्स्चेंज पाहिलंय जिथे एंगेज लागला की कॉल बाहेरच्या लाइनने जाऊन पुन्हा त्याच एंगेज माणसाला ठोकत असे, आणि कंपनीच्या बाहेरच्या लाइनी दुपारभर भरलेल्या असत.

सिपच्या बाबतीत अजून एक अडचण. पलीकडची पेटी मेली असेल तर ती ‘नाही’ असंही म्हणत नाही. यूडीपीवर (पोच न मागता पाकिटं पाठवणाऱ्या पद्धतीवर) तुमचं एक्स्चेंज मुळात ३२ सेकंद वाट बघतं, मग पुढची वाट धरतं. तोवर माणसाने फोन आपटलेला असतो. ऑप्शन्सचा, म्हणजे ‘आहेस का’ असं विचारणारा, निरोप दर अर्ध्या मिनिटाला पाठवत राहायची सोय चालू करा, म्हणजे पलीकडचा जिवंत आहे की नाही हे आधीच माहीत असेल. आणि वाट बघण्याचा वेळ चार-पाच सेकंदांवर आणा.

देवगडच्या लाइनी किती हव्यात हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण एप्रिल-मेमध्ये विचाराल. शंभरातला एकच कॉल नाकारला जावा असं धरलं तर अर्लांगच्या तक्त्याप्रमाणे आठ चॅनेल सुमारे ३.१३ अर्लांग (एक अर्लांग म्हणजे तासभर सलग चाललेलं एक बोलणं) पेलतात, म्हणजे तासाला १८८ मिनिटांचं बोलणं. चार चॅनेल पेलतात ०.८७, म्हणजे ५२ मिनिटं. चॅनेल निम्मी केली की क्षमता निम्मी होत नाही, तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली जाते. हंगामात आंब्याच्या पेट्यांचा भाव विचारायला सकाळी नऊ ते अकरा सगळे एकदम फोन करतात. त्यातला सगळ्यात गर्दीचा तास मोजा, दिवसाची सरासरी नको. जी ७११ आणि जी ७२९ या आवाज आकड्यांत बदलायच्या दोन पद्धती; जी ७११ वर एका बोलण्याला आयपीच्या पातळीवर दर दिशेला ८० केबीपीएस लागतात, आवाज जास्त आवळणाऱ्या जी ७२९ वर २४, व्हीपीएनचं (इंटरनेटवरून जाणाऱ्या बंदिस्त वाटेचं) ओझं वेगळं. ब्रॉडबँड चांगलं असेल तर जी ७११ च ठेवा. जी ७२९ वापरायचंच तर सगळीकडे तेच. रत्नागिरीत एकदा उलगडून पुन्हा आवळलं की आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो. जी ७११ मध्येही आपल्याकडचा ए-लॉ हा प्रकार निवडलाय ना, तेवढं पाहा.

थेट वाट सुरू केल्यावर देवगडहून ‘फोन लागता, पण आवाज येणा नाय’ अशी तक्रार येईल. येईलच. सिग्नल एका वाटेने जातो आणि आवाज दुसऱ्या, आणि राउटरच्या आतला खासगी पत्ता आवाजाच्या पाकिटांना बाहेरून सापडत नाही. राउटरमधलं सिप एएलजी (सिपच्या निरोपातले पत्ते वाटेत बदलणारी सोय) बंद करा, दोन्ही ठिकाणं व्हीपीएनमध्ये घ्या, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. व्हीपीएनशिवाय ५०६० हा सिपचा पोर्ट इंटरनेटवर उघडा टाकू नका. काही तासांत जगभरातून दार ठोठावायला सुरुवात होते.

विजेबद्दल थोडंच. आपल्या जांभ्याच्या कातळात अर्थिंग धड लागत नाही, आणि वळवाच्या पावसात तांब्याच्या लाइनवरून आलेली वीज कार्ड जाळते. देवगडच्या पेटीला जिथे शक्य तिथे फायबर, आणि तांबं असेल तिथे सर्ज अरेस्टर. अर्थिंगचा खड्डा मे महिन्यात, जमीन कोरडी असताना मोजा. पावसाळ्यात सगळ्यांचंच अर्थिंग चांगलं असतं.

बदल रविवारी रात्री करा, तिन्ही ठिकाणी एकेक माणूस बसवून, आणि आधी तिन्ही पेट्यांचा बॅकअप काढून. तपासणी करताना चालू नंबर तर सगळेच लावून बघतात. तुम्ही तिन्हीकडून नसलेले नंबर लावा: ५२९९, ६२९९, ७२९९, आणि तो जुना २४७. प्रत्येक वेळी लगेच ‘नंबर अस्तित्वात नाही’ आलं पाहिजे आणि टाय लाइनवर एकही चॅनेल अडकलेलं दिसता कामा नये. मग रत्नागिरीची केबल उपटा आणि देवगडहून लोट्याला लावा. थेट गेला तर केबल परत लावा आणि देवगडची उपटा. पहिल्या खेपेला काहीतरी अडेल, तेव्हा सोमवारी सकाळी भाव निघायच्या आत जुन्या तक्त्यावर परतायची तयारी ठेवा. अडलं तर दोन्ही बाजूंचा एकाच वेळेचा ट्रेस (कॉलच्या सिग्नलांची नोंद) काढा, त्याआधी तिन्ही पेट्यांची घड्याळं जुळवून घ्या. गेल्या वर्षी मी एका ठिकाणी सात मिनिटं पुढे असलेल्या घड्याळामुळे दोन वेगळे कॉल एकच समजून सबंध दिवस शोधत बसलो होतो.